खिडकी नावाच्या गायीची आणि इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, जनावरांची डॉक्टर, पशुवैद्यक महाविद्यालयातून निवृत्त झालेली प्राध्यापक, एका दिवंगत चित्रकला शिक्षकाची बायको आणि लिफ्ट बसवणाऱ्या एका इंजिनियरची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु कायद्याला माझ्या गुडघ्यांशी काही देणेघेणे नाही असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. ज्यांनी माझ्याबरोबर काम केले आहे, त्यांना हे वाक्य वाचून हसू येईल.

वकीलबाईंनी मला एका पानाचा नमुना दिला होता. मी लिहिलेली पहिली चार पाने वाचून त्या म्हणाल्या, "मॅडम, मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात. कोणाला काय, एवढंच लिहायचं असतं." मी त्यांना सांगितले की, आजाराचा मागचा इतिहास विचारल्याशिवाय मी आजवर एकाही बकरीला गोळी दिलेली नाही. त्यांनी हात टेकले. तेव्हा जे काही लांबले आहे त्याची जबाबदारी माझी, आणि कायद्याचे शब्द जिथे बरोबर आहेत त्याचे श्रेय त्यांचे.

मुद्द्याचे आधी सांगते. हे मृत्युपत्र एका गायीसाठी आहे. बाकीचे सगळे मी न लिहिताही मार्गी लागले असते. घरामागच्या गोठ्यात ही गाय उभी असते आणि दर रविवारी सकाळी जनावरांचे डॉक्टर होऊ पाहणारी मुले-मुली तिच्याभोवती जमतात. माझ्यामागे हे घर माझ्या मुलाच्या ताब्यात जाणार आहे आणि तो ते विकणार आहे, असे त्याने मला तोंडावर सांगितले आहे. गोठा राहावा, गाय राहावी आणि रविवार चालू राहावेत, एवढीच माझी इच्छा आहे. जे माझे नाही ते मृत्युपत्रात मागता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मागते आहे.

कलम १. घर

राहते घर माझ्या नवऱ्याच्या नावावर होते. त्यांनी ते मुलाला दिले आणि मला हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क दिला. मी तेव्हा त्यांना विचारले, "माझ्यावर विश्वास नाही का?" ते म्हणाले, "अगं, विश्वास पूर्ण आहे. घर तुझ्या हातात दिलं तर तू त्याचा दवाखाना करशील, याची खात्रीच आहे मला." त्या दिवशी न्हाणीघरात पाय मोडलेला कुत्रा होता.

म्हणून घराविषयी मला काही लिहायचा अधिकार नाही. मात्र मागचा गोठा माझ्या निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी मिळून बांधला. पत्रे त्यांनी आणले, विटा मी रचल्या, म्हणून भिंत डावीकडे थोडी कललेली आहे. आतल्या भिंतीवर त्यांनी गायीच्या पोटाचे चारही कप्पे चार रंगांत काढले आहेत. ते काढताना रोज संध्याकाळी मी मागे उभी राहून चुका काढायची आणि ते न चिडता पुसायचे. असा माणूस पुन्हा मिळत नाही.

मागच्या भेटीत माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, तू आहेस तोवर एक वीटसुद्धा हलणार नाही. पण नंतर मी हे विकणार. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो." मी विचारले, "आणि गोठा?" तो म्हणाला, "गोठ्याचाच तर वास आहे, आई. तुझ्या कपड्यांवरून माझ्या शाळेच्या शर्टाला यायचा, तोच." मी पाणी प्यायले आणि उठले. तो खोटे बोलत नाही, हा त्याचा गुण माझ्याकडूनच आलेला आहे, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

कलम २. खिडकी

खिडकी ही माझी गाय. तिच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागे, माझ्या हातांनी केलेले एक भोक आहे आणि त्याला रबरी झाकण आहे. झाकण काढले की हात थेट तिच्या पहिल्या पोटात जातो. ज्यांनी असली गाय पाहिलेली नाही त्यांना हे क्रूर वाटते. खिडकीला तसे वाटत नाही. कोणाचा तरी हात कोपरापर्यंत तिच्या पोटात असताना ती शांतपणे चारा खात असते, आणि कंटाळा आला तर शेपटी मारते.

माझी सगळी कारकीर्द असल्या झाकणांमागे झाली, खिडकी ही त्यांतली शेवटची. गायीच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, गवत पचवतात ते खरे तेच. आजारपणात ते मेले की गायीचे पोट बसते, आणि मग कितीही औषधे ओता, ती खात नाही. अशा वेळी निरोगी गायीच्या पोटातले पाणी काढून आजारी गायीला पाजायचे. दुधाला विरजण लावावे तसेच हे. ही युक्ती मी शोधलेली नाही, गुराखी लोकांना ती फार आधीपासून माहीत होती. ते पाणी किती द्यायचे, किती ऊबदार ठेवायचे आणि बाहेर काढल्यावर त्यातले जीव किती वेळ जगतात, हे मात्र मी शोधले. त्यात माझी तरुणपणची सगळी वर्षे गेली आणि त्यातला एकही दिवस मला परत नको आहे, इतका तो छान वापरला गेला.

त्या काळी मी ते पाणी एका थर्मासमध्ये घालून प्रयोगशाळेत नेत असे. एकदा कोणीतरी हाक मारली म्हणून थर्मास स्टाफरूमच्या टेबलावर ठेवून मी बाहेर गेले. आमच्या विभागात एक सर होते. त्यांनी कपात ओतले, बिस्किट बुडवले आणि एक घोट घेतला. रंग चहासारखाच असतो, थोडा हिरवट. मी परत आले तेव्हा ते स्टाफरूमच्या खिडकीतून बाहेर वाकलेले होते. मी काळजीपोटी एवढेच म्हणाले, "सर, आता तुमचं पचन वर्षभर उत्तम राहील." तेव्हापासून ते माझ्याशी फक्त परिपत्रकातून बोलले, आणि गायींशी तर कायमचे वैर धरले.

पुढे तेच सर विभागप्रमुख झाले आणि त्यांनी कॉलेजात रबराची गाय आणली. तिला रबरवाली गाय आणि त्यांना रबरवाले सर म्हणण्याची पद्धत मुलांनी पाडली, मी नाही. रबराची गाय हलत नाही, शेण टाकत नाही, लाथ मारत नाही. म्हणजे गायीकडून शिकण्यासारखे जे काही आहे ते वगळून बाकी सगळे तिच्यात आहे. माझ्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी खिडकीचे नाव निकामी सामानाच्या लिलावात घातले, मोडक्या खुर्च्यांच्या सोबत, एकाच गठ्ठ्यात. मी गठ्ठा घेतला. खुर्च्याही घ्याव्याच लागल्या.

निरोप समारंभ संपला आणि मी हातात पुष्पगुच्छ घेऊन तिला दोर लावून भर रस्त्याने घरी आणली. पुष्पगुच्छ तिने चौकातच खाल्ला. नवरा फाटकात उभा होता. त्यांनी मला विचारलेसुद्धा नाही, सरळ वैरण शोधायला गेले. त्या खुर्च्या आम्ही दुरुस्त केल्या आणि रविवारच्या मुलांना बसायला झाल्या.

आजही आजूबाजूच्या कुठल्याही गोठ्यात पोट बसलेली गाय असली की लोक बादली घेऊन खिडकीकडे येतात. ती आता म्हातारी झाली आहे, पण तिच्या पोटातले विरजण तसेच ताजे आहे. मुलाला माझी विनंती की तिला हलवू नये, म्हाताऱ्या गायीला जागा बदललेली सोसत नाही.

कलम ३. रविवार

हे मालमत्तेत मोडत नाही असे वकीलबाई म्हणतात. माझ्याकडे याहून मोठी मालमत्ता नाही, म्हणून लिहिते.

पशुवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेत रसायनशास्त्र विचारतात, वनस्पतिशास्त्र विचारतात. तुला गायीच्या शेजारी उभे राहता येते का, हे कोणी विचारत नाही. मग पहिल्या वर्षाची निम्मी मुले भिंतीला चिकटलेली असतात. हे पाहून कंटाळा आला, म्हणून मी शिकवत होते तेव्हाच रविवारी सकाळी कॉलेजच्या गोठ्यात परीक्षेला बसणाऱ्या मुलांना बोलवू लागले, आणि निवृत्तीनंतर माझ्या गोठ्यात. फी नाही. अट एकच. पहिल्या रविवारी हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त बघायचे. कान कुठे आहेत, रवंथ चालू आहे का, कोणत्या पायावर भार आहे, श्वास कुशीतून चालतो की छातीतून. सकाळभर बघून झाले की मी विचारते, "काय दिसलं?" जो "गाय" असे उत्तर देतो, तो पुढच्या रविवारीही हात मागे ठेवून उभा राहतो.

किती मुले आली याचा हिशेब मी ठेवला नाही. आज कोणी प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पायांची काळजी घेते, कोणी लसी बनवते, कोणी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर असते. एक मुलगा झाकण उघडले की चक्कर येऊन पडायचा. त्याला मी सांगितले, "बाळा, तुझं मन चांगलं आहे, पोट नाही." तो आता उत्तम शिंपी आहे आणि माझे सगळे ॲप्रन त्याने शिवलेले आहेत. त्याचाही मला तेवढाच अभिमान वाटतो.

आणि मुकी. तिला मुकी हे नाव बाकीच्या मुलांनी दिले, कारण पहिले कित्येक रविवार ती बोललीच नाही. ज्या दिवशी हात लावायची परवानगी मिळाली, त्या दिवशी सगळी पोरे खिडकीच्या झाकणाभोवती गोळा झाली, मी आधी, मी आधी. ही मात्र जराशी बाजूला गेली, गायीच्या कुशीला कान लावला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी म्हटले, "अगं, दार सताड उघडं असताना भिंतीला कान काय लावतेस?" ती म्हणाली, "मॅडम, बाकीच्या गायींना खिडकी नसते ना."

मुलांना चहा सांगण्याच्या निमित्ताने मी घरात गेले आणि नवऱ्याला म्हणाले, "सापडली." त्यांना काय सापडले ते कळले नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनाही आनंद झाला. मुकी डॉक्टर झाली. आता तिचा स्वतःचा दवाखाना आहे, खिडकीकडे बादली घेऊन सर्वांत जास्त वेळा तीच येते, आणि अजूनही लागेल तेवढेच बोलते.

माझ्या पश्चात रविवार मुकीने चालवावेत. मी गेले त्या आठवड्यातला रविवारही रद्द करू नये. माझ्या फोटोसमोर कोणी भाषण करू नये. गोठ्यात फोटो लावूच नये, खिडकी तो चाटून खराब करील.

कलम ४. औजारे

माझा स्टेथोस्कोप, वासरू अडल्यावर ओढायचे दोर आणि गमबूट मुकीला द्यावेत. बूट तिला एक माप मोठे होतील. मोजे घालावेत.

दोरांबद्दल थोडे. मी शिकायला गेले तेव्हा वर्गात एकटी मुलगी होते. आमचे प्रसूतिशास्त्राचे गुरुजी पहिल्याच दिवशी माझे हात बघून म्हणाले, "पोरी, एवढ्याशा हातांनी तू काय करणार?" वर्ग हसला. त्याच वर्षी एका दुपारी कॉलेजच्या फार्मवर एक मेंढी अडली. कोकराचे डोके मागे वळलेले, आणि सगळ्या धिप्पाड मुलांचे हात मनगटाशीच अडकत होते. गुरुजी घामाघूम झाले आणि शेवटी म्हणाले, "ती कुठाय, लहान हातांची?" मी बाही वर केली. आतल्या ओल्या उबेत माझ्या बोटांना कोकराचे नाक लागले, आणि ते नाक हलले. तो क्षण मी आजही हाताच्या तळव्यात जसाच्या तसा आठवू शकते. गुरुजींनी त्याच संध्याकाळी स्वतःचे दोर मला दिले. त्यांच्यासारखे गुरू मला लाभले म्हणून मी लोकांची पोरे शिकवली, दुसरे कारण नाही.

माझे सूक्ष्मदर्शक यंत्र आणि काचपट्ट्यांच्या पेट्या मुलींच्या वसतिगृहाला द्याव्यात, कॉलेजच्या कपाटाला नाही. कपाटाची किल्ली नेहमी कोणाकडे तरी असते आणि तो माणूस नेहमी रजेवर असतो.

पुस्तके रविवारच्या मुलांनी वाटून घ्यावीत. ज्यांच्यावर शेण उडालेले आहे ती आधी घ्यावीत, ती जास्त वापरलेली आहेत.

कलम ५. जुने हिशेब

वर सांगितलेला थर्मास मी रबरवाल्या सरांना देत आहे. स्वच्छ धुतलेला आहे.

माझ्या नणंदेने लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत मला अत्तराची बाटली दिली आणि म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण घरात येण्याआधी लावत जा." मी राग मानला. बाटली मी उघडलेली नाही. ती तिला परत करावी. सोबत हेही सांगावे की तिच्या भावाला माझा वास कधी आला नाही, किंवा आला तरी त्याने तो शेवटपर्यंत मोठ्या मनाने घेतला.

बँकेत जे असेल ते खिडकीच्या वैरणीला आणि तिच्या औषधपाण्याला वापरावे. त्यातून उरल्यास मुकीने रविवारच्या मुलांसाठी हातमोजे घ्यावेत.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी वकीलबाईंची नेमणूक करीत आहे. त्यांना गोष्टी आवडत नाहीत, म्हणजे त्या काम वेळेत संपवतील.

येथे हे मृत्युपत्र संपणार होते. खाली रेघ मारून मी साक्षीदारांना निरोपही धाडला होता. पुढचे कलम नंतर वाढवलेले आहे आणि ते का वाढवले, हेही लिहिणे भाग आहे.

परवा मुलगा आला. मी मुद्दामच हे कागद त्याच्या हातात ठेवले. मी गेल्यावर त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच दाखवावे, हेही बरोबरच. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच त्याने सगळे वाचले. थर्मासपाशी तो मोठ्याने हसला. आत्याच्या अत्तरापाशी "आई, अगं!" म्हणाला. आई-वडिलांच्या विटा-पत्र्यांपाशी त्याने चष्मा काढून पुसला. शेवटी कागद नीट जुळवून टेबलावर ठेवला. मला वाटले आता गोठ्यावरून वाद होणार. मी पदर खोचून तयार होते.

तो म्हणाला, "यात मी कुठे आहे?"

"पहिल्या कलमात. घर तुझंच आहे."

"ते बाबांनी दिलं. तू काय दिलंस?"

मी म्हटले, "माझ्याकडे तुझ्या उपयोगाचं आहे तरी काय? बूट देऊ?"

"बूट मुकीचे आहेत," तो म्हणाला. रागाने नाही. माझ्याच कागदातले वाचून दाखवावे तसे.

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला आजवर माहीत नव्हती. तो लहान असताना शाळा सुटल्यावर कॉलेजच्या दवाखान्यात येऊन बसायचा, हे मला माहीत होते. मी आत असायचे, तो बाहेरच्या बाकावर. पण तो नुसता बसत नसे. कुत्री, बोकड, पोपट घेऊन आलेल्या माणसांच्या रांगेत तोही नंबर लावायचा. कंपाउंडर विचारायचा, "जनावर कुठलं?" आणि तो सांगायचा, "मुलगा." कंपाउंडर हसून त्याला रांगेत बसू द्यायचा. एक एक करत नंबर पुढे सरकायचा, आणि त्याचा येईपर्यंत दवाखाना बंद व्हायची वेळ व्हायची.

"मला वाटायचं, रविवारी तरी रांग नसेल," तो म्हणाला. "तर रविवारी तू गोठ्यात."

मी विचारले, "मग आता काय देऊ तुला?"

"रविवार."

"मेल्यावर रविवार कसे देणार रे?"

"मेल्यावर नकोच आहेत मला," तो म्हणाला, आणि बेसिनमधले कप धुवायला लागला. त्याला रडू आले की तो भांडी घासतो. त्याचे वडीलही तसेच करायचे.

माझे रविवार वाया गेले असे मी म्हणणार नाही. शपथेवर सांगते की पुन्हा आयुष्य मिळाले तर मी पुन्हा तेच करीन, आणि हे त्यालाही सांगितले. तो म्हणाला, "माहितीये. मी चूक काढत नाहीये. मी मागतोय." या माणसाला आता पन्नाशी आली आहे, केस पांढरे झाले आहेत. इतकी वर्षे बाकावर बसलेल्याला उद्या या म्हणणे माझ्या व्यवसायात बसत नाही.

मी तिथूनच मुकीला फोन लावला. म्हटले, "या रविवारपासून मुलं तू घे." ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मॅडम, पण मी पहिल्याच दिवशी त्यांना हात लावायला देणार. पोरं घाबरलेली असतात, गाय नाही." माझ्या जिभेवर बरेच काही आले होते. मी म्हटले, "दे." फोन ठेवल्यावर मला वाईट वाटले. अजून वाटते आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

गोठ्याविषयी मुलगा एवढेच म्हणाला, "तुझ्यामागेही गाय आहे तोवर गोठा राहील. मुकीताईंनी तोवर खुशाल यावं. गाय गेली की मात्र मी विकणार, आत्ताच सांगून ठेवतो." यापलीकडे मी काही मागत नाही. त्यामुळे वरच्या कलमांत मुलाला केलेल्या सर्व विनंत्या मागे घेत आहे.

कलम ६.

माझे उरलेले रविवार, जितके असतील तितके, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, कोणत्याही अटीशिवाय, मी माझ्या मुलाला देत आहे. त्या दिवशी कोणतीही गाय, म्हैस, कुत्रा वा विद्यार्थी अडला तरी मुकीला बोलवावे. या कलमाची अंमलबजावणी माझ्या मृत्यूनंतर नाही, माझ्या हयातीत, मी स्वतः करीन.

वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, हे मृत्युपत्रात चालणार नाही. यात मृत्यूच नाही." मी म्हटले, असू दे. त्यांनी कागद पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि कलम खोडायला घेतलेले पेन बंद करून ठेवले.

वरील मजकूर मी वाचला आहे, मला समजला आहे, आणि पुढील दोघांच्या देखत मी सही करीत आहे. दोघांनाही यातून काहीच मिळत नाही, कारण साक्षीदाराला काही मिळता कामा नये असा नियम आहे. दंतवैद्यांनी सही करण्यापूर्वी याची दोनदा खात्री करून घेतली आणि किंचित खट्टू झाले.

लिहून ठेवणारी: (सही) जनावरांची डॉक्टर, निवृत्त

साक्षीदार १: (सही) शेजारचे दंतवैद्य

साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई

बुद्धी शाबूत असल्याबद्दल: (सही) माणसांचे डॉक्टर. शेरा: "बुद्धी शाबूत. गुडघ्यांसाठी वेगळे लिहून दिले आहे."

स्थळ: राहते घर, मागचा व्हरांडा

दिनांक: शनिवार, दुपार. शिक्क्यावरची तारीख धरावी. काही दुरुस्ती असल्यास आजच सांगावी, उद्या मला वेळ नाही.